परक्याची अमानत

परदेशी बँकांच्या कॉल सेंटरबद्दल प्रश्न विचारला की आपल्याकडे एकच उत्तर मिळते: मुलांना रोजगार मिळतो, मग तुमचे काय बिघडते? रोजगाराला माझा विरोध नाही. पण न्यूयॉर्कमधल्या माणसाचे खाते पुण्यातल्या संगणकावर उघडते, ते त्याला विचारून उघडते का? हा प्रश्न रोजगाराच्या आड दडवता येणार नाही.

2005 साली पुण्यात काय झाले ते आठवा. सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांचे काम एमफेसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरकडे होते. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी गोड बोलून पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे 3,50,000 डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले. कुठलेही कुलूप फोडावे लागले नाही. ग्राहकाचा विश्वास हीच किल्ली होती. पोलिसांनी त्यांना पकडले ते योग्यच झाले. पण नासके आंबे काढले म्हणजे झाले का? अढी कुणी लावली तेही विचारा. स्वस्त मजुरीसाठी ग्राहकांची खाती सातासमुद्रापार पाठवण्याचा निर्णय रात्रपाळीच्या पोरांनी घेतला नव्हता.

स्वतःच्या माहितीबाबत आपण जागरूक आहोत. देशातल्या पेमेंट व्यवहारांची माहिती देशातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2018 साली दिला. छान. आता 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम 17 वाचा. परदेशी कंपनीशी करार करून इथे हाताळल्या जाणाऱ्या परदेशस्थांच्या माहितीला त्यात बहुतेक तरतुदींतून सूट आहे. माहिती सुरक्षित ठेवा, एवढे बंधन उरते. पण ती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा जो हक्क हा कायदा तुम्हाआम्हाला देतो, तो त्यांना देत नाही. माहिती फुटली तर त्यांना कळवण्याची सक्तीही करत नाही. आपले ते सोने, परक्याची ती माती!

मुसलमान म्हणून मला हा दुजाभाव मान्य नाही. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानती हक्कदारांना पोहोचवण्याचा हुकूम आहे. हक्कदार कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, अशी अट त्यात नाही. मक्केचे लोक पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जिवावर उठले होते. तरीही हिजरतीच्या वेळी, त्यांच्या ठेवी परत करण्यासाठी पैगंबरांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. जिथे शत्रूची ठेव सुद्धा अमानत ठरते, तिथे आपल्याला डॉलर मिळवून देणारा ग्राहक परका कसा?

म्हणून कलम 17 मधली ही सूट रद्द झाली पाहिजे. आपला फोन कोणत्या देशात घेतला जातो आणि खाते कोण पाहतो, हे बँकेने ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजे. कामापुरतीच माहिती कर्मचाऱ्याला दिसली पाहिजे.

आपल्याही घरातली मुले-मुली या रात्रपाळ्या करतात. त्यांची कमाई हलाल असावी असे आपल्याला वाटते. मग समोरच्या पडद्यावरचा आकडा ही अमानत आहे, हे त्यांना शिकवू या, आणि त्यांच्या मालकांनाही ते मानायला भाग पाडू या.