पत्र्याच्या पेट्या घरी ठेवा

मे महिना लागला की खराडीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये लेह-स्पितीची तयारी दिसू लागते. इऑन आयटी पार्कात किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये काम करणारी, वर्षभर रजा साठवून ठेवणारी ही मंडळी. कुणाकडे हिमालयन, कुणाकडे एक्सपल्स, कुणाकडे इथेच चाकणला तयार झालेली केटीएम. मोटारसायकल बहुतेकांनी फार विचार करून घेतलेली असते. सामानाच्या बाबतीत मात्र तो विचार कुठे जातो कळत नाही. दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या, मागे तिसरी, तिच्यावर बंजीने आवळलेली स्लीपिंग बॅग आणि पुढच्या गार्डला पेट्रोलचे दोन कॅन. लांबचा प्रवास म्हणजे हे असंच असणार, असं आता सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ज्या प्रवासात डांबर सुटणार आहे त्या प्रवासासाठी या पेट्या चुकीच्या आहेत आणि त्यांच्यात भरलेलं निम्मं सामानही.

पेट्यांच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी नीट मांडायला हवं, कारण ते सगळंच टाकाऊ नाही. पेटीला कुलूप लागतं. पाऊस आत जात नाही. गाडी पडली तर पेटी आधी टेकते, गाडीला इजा होत नाही आणि ती पूर्ण आडवी न झाल्यामुळे उचलायला सोपी जाते. शिवाय झाकण उघडलं की सामान हाताशी. रोज सकाळी पट्टे आवळत बसावं लागत नाही. खराडीहून गोव्याला किंवा नगर रस्त्याने नागपूरला जायचं असेल तर यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. डांबरावर पेटी उत्तम. ऑफिसला जाता-येता लॅपटॉपसाठी मागे एक पेटी असावी, याबद्दलही वाद नाही.

पण स्पितीच्या वाटेवर ग्रांफू सोडून बातलकडे निघालात की परिस्थिती बदलते. तिथे रस्ता म्हणजे गोट्यांचा पट्टा, मध्येमध्ये बर्फाच्या पाण्याचे नाले. ऊन चढतं तसा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. इथे गाडी पडते. 'मी सावकाश चालवतो, माझी पडत नाही' असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर आहे की इथे गाड्या सावकाश चालवतानाच पडतात. माणूस चालतो त्या वेगात पुढचं चाक पाण्याखालच्या गोल दगडावर चढतं, सरकतं आणि गाडी एका कुशीवर कलते. म्हणून गाडी पडली तर काय होईल, हा प्रश्न सामान निवडताना सगळ्यात आधी विचारायचा. कुलपाचा आणि झाकणाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता पडताना काय होतं ते पाहू. तोल जायला लागला की आपण नकळत पाय खाली टेकवतो. पाय जमिनीवर रोवलेला असतो, गाडी मात्र अजून पुढे सरकत असते. मागून येणारी पेटीची कड थेट पोटरीवर बसते. गाडी तशीच आडवी झाली तर दगड आणि पेटी यांच्या मधोमध नडगी सापडते. खुल्या मैदानात सुटून गेला असता तो पाय इथे मोडतो. कापडी बॅगही पायाला लागते, पण ती दबते, मुडपते आणि पायाला जागा देते. एवढा एकच मुद्दा असता तरी माझ्यापुरता निकाल लागला असता. पुण्यात मोडलेला पाय आणि बातलच्या वाटेवरच्या नाल्यात मोडलेला पाय यांत फार अंतर आहे.

पेटी गाडीला वाचवते, हा दावाही तपासून घ्या. पेटी टेकते तेव्हा तो धक्का कुठे नाहीसा होत नाही. पेटीतून रॅकमध्ये, रॅकच्या बोल्टांतून मागच्या सबफ्रेममध्ये जातो. एका बाजूचा रॅक आत वाकला की पेटी चाकाला किंवा सायलेन्सरला टेकू लागते; तो सरळ करायला वेल्डिंगवाला गाठावा लागतो. गाडी पूर्ण आडवी होऊ न देण्याचं काम साधा क्रॅश गार्ड करतो. आणि पाणी? पहिल्या दणक्यापर्यंत पेटी कोरडी असते. पत्र्याचा कोपरा दबला की झाकण चौकटीवर सपाट बसत नाही, रबरी पट्टीत फट पडते आणि तिथून पाणीही शिरतं नि धूळही. तोंडाकडून गुंडाळून बंद होणारी जलरोधक बॅग दहा वेळा आपटली तरी तिचं तोंड बंदच राहतं. फाटली तर आतल्या लायनरमुळे कपडे वाचतात आणि बाहेरून एक ठिगळ पुरतं.

चोरीचं भय खरं आहे, पण ते कुठे आहे ते पाहा. बातलच्या ढाब्यावर किंवा काझाच्या होमस्टेमध्ये तुमचे थर्मल कुणी पळवत नाही. भय असतं ते वाटेतल्या मोठ्या शहरांत आणि तिथे रात्री सामान खोलीतच न्यायचं असतं. कापडी बॅगा चार पट्टे सोडले की खांद्यावर येतात. दिवसा जेवायला थांबलात तर पोलादी तारेचं एक कुलूप दोन्ही बॅगांतून ओवता येतं. कॅमेरा, पैसे आणि कागद टँक बॅगेत, म्हणजे नेहमी तुमच्याबरोबर. पुण्याहून गाडी झेलम एक्सप्रेसने जम्मूला पाठवणाऱ्यांचा तर आणखी फायदा आहे. पार्सल ऑफिसात टाकीतलं पेट्रोल काढून गाडी गोणपाटात बांधतात. तेव्हा मऊ बॅगा तुमच्याबरोबर बर्थखाली जातात. पत्र्याच्या तीन पेट्या कुठे ठेवणार?

वजनाचा हिशेब मात्र मला सविस्तर मांडायचा आहे, कारण सगळा खेळ तिथे आहे. दोन रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचा रॅक मिळून 15 किलोच्या आसपास जातात. अजून एक मोजाही आत गेलेला नाही. कापडी बॅगांची जोडी तीन-चार किलोंची. आता मागची पेटी घ्या. तिचं सामानासकट वजन 15 किलो धरा आणि तिचा मध्य मागच्या आसाच्या 40 सेंटिमीटर मागे. व्हीलबेस 1400 मिलिमीटर असेल तर ती पेटी पुढच्या चाकावरचा सव्वाचार किलो भार उचलून घेते आणि मागच्या चाकावर सव्वाएकोणीस टाकते. सव्वाचार किलो ऐकायला थोडे वाटतात. पण वाळूत किंवा चिखलाच्या चाकोरीत गाडीला दिशा देतं ते पुढचं चाक, आणि नेमकं तेच हलकं होतं. मग हँडल भिरभिरतं, चालवणारा घाबरून ते घट्ट धरतो आणि संध्याकाळी हात भरून येतात. दोष रस्त्याला दिला जातो.

उचलण्याचंही तेच. कुंझुम खिंड 4,551 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. सुमारे 160 किलोंची एक्सपल्स किंवा दोनशेच्या जवळ जाणारी हिमालयन तिथे एकट्याने उचलायची, वर पेट्यांचे पन्नास किलो. दुसऱ्यांदा पडली की माणूस दगडावर बसून राहतो.

'पण मोठमोठे लोक पेट्या लावूनच जग फिरले' असं म्हणून 2004 सालच्या 'लाँग वे राउंड' या टीव्ही मालिकेचा दाखला दिला जातो. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन लंडनहून न्यूयॉर्ककडे निघाले ते अवजड बीएमडब्ल्यू आणि भरल्या पेट्या घेऊन, हे खरं. पण मंगोलियात काय झालं तेही याच मालिकेत आहे. चिखलात गाड्या पुन्हा पुन्हा आडव्या झाल्या, त्यांच्या कॅमेरामनची बीएमडब्ल्यू मोडली आणि त्याने पुढची वाट धरली ती तिथेच विकत घेतलेल्या साध्या, हलक्या रशियन मोटारसायकलवर. दाखला द्यायचाच तर तो पुरता द्यावा.

आता पेटीच्या आत जाऊ. पेट्या भरतात त्या 'लागलं तर?' या दोन शब्दांनी. जास्तीची जीन्स लागली तर, दुसरे बूट लागले तर, स्टोव्ह, तंबू, ड्रोन, हेअर ड्रायरसुद्धा. आपल्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर मिळून गेलेलं आहे. उत्तरेच्या मोहिमेत मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सदाशिवरावभाऊंना सांगितलं होतं की कुटुंबकबिला, बुणगे आणि जड सामान मागे ठेवा, सड्या फौजेनिशी लढा. ते मानलं गेलं नाही आणि 1761च्या जानेवारीत पानिपतावर त्या लवाजम्याची पोटं भरता भरता फौज उपाशी राहिली.

लेहमध्ये औषधांची दुकानं आहेत, मनालीत लोकरीचे कपडे मिळतात, काझात पेट्रोल पंप आहे आणि वाटेवरच्या वस्त्यांत राजमा-चावल मिळतो. जे तिथे मिळतं ते खराडीहून नेऊ नये. जे मिळत नाही ते मात्र विसरू नये, आणि गंमत अशी की भरलेल्या पेट्यांतून बहुधा तेच गायब असतं. तुमच्या चाकाच्या मापाची ट्यूब. 21 इंची पुढच्या चाकाची एक ट्यूब नेली तर वेळ पडल्यास ती मागच्या लहान चाकातही तात्पुरती बसवून पुढचं गाव गाठता येतं. दोन न्यायची गरज नाही. टायर उतरवायचे दोन लिव्हर, हवेचा छोटा पंप, क्लच केबल, क्लचचा आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, चेनची जोडकडी, तुमच्या गाडीच्या आसाला बसणारा पाना, दुसरी चावी आणि रोजची औषधं. हे सगळं मिळून एका मध्यम डब्यात मावतं. आणि ट्यूब पुण्यातच एकदा स्वतःच्या हाताने बदलून पाहा; ज्याला टायरची कड रिमच्या खोलगट भागात ढकलायची हे ठाऊक नाही, त्याचा लिव्हर नवी ट्यूबही चिमटून फाडतो.

पेट्रोलचं भयही असंच अवाजवी. लेहच्या वाटेवरच्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं होती आणि तिच्या फोटोमुळे प्रत्येक जण दहा लिटरचे कॅन बांधू लागला. एक्सपल्सची टाकी 13 लिटरची, नव्या हिमालयनची 17ची. घाटातलं कमी मायलेज धरलं तरी टांडीला टाकी काठोकाठ भरल्यावर दोन-तीन लिटर हाताशी असले की पुरे.

माझी मांडणी अशी. बाजूच्या दोन बॅगा, प्रत्येकी वीसेक लिटरच्या, मागच्या आसाच्या जितक्या पुढे आणि खाली घेता येतील तितक्या. सीटवर आडवी एक लहान रोल-टॉप बॅग, जी चालवणाऱ्याच्या पाठीला टेकलेली असेल, नंबरप्लेटच्या वर लटकलेली नसेल. अवजारं आणि सुटे भाग बाजूच्या बॅगांच्या तळाशी, दोन्हीकडे सारखं वजन. कपडे सीटवरच्या बॅगेत. रेनसूट सगळ्यांच्या वर, कारण बारालाचा खिंडीत हवा फिरली की पिशव्या उपसायला वेळ नसतो. कपडे तीन दिवसांचे, रात्री धुवून वाळतील असे. बंजीला हात लावू नका. तिचा हूक खड्ड्यात उडाला की चाकात किंवा चेनमध्ये जातो. बकलचे साधे पट्टे घ्या आणि त्यांची मोकळी टोकं दुमडून बांधा. विमानाच्या बॅगेसाठी घेतलेला हातातला काटा खराडीत घरोघरी आहे; त्याला लावून प्रत्येक बॅग तोला. पेट्रोल सोडून सगळं 20 किलोंच्या आत बसलं पाहिजे. नाही बसलं तर बॅग मोठी घ्यायची नाही, सामान काढायचं.

कापडी बॅगांचे दोष लपवायचे नाहीत. उजवीकडे सायलेन्सर वर आलेला असेल तर उष्णतारोधक पत्रा आणि बॅग दूर धरणारी साधी दांडी लागतेच, नाहीतर बॅग वितळते. बांधायला सकाळी वेळ जातो. बॅग हलत राहिली तर बाजूच्या पॅनेलचा रंग घासून जातो. रंगाचं काय ते परत आल्यावर बघता येतं.

शेवटचा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो: आम्ही दोघं जाणार आहोत, दोघांचं सामान वीस किलोत कसं बसवायचं? बसेलही, कारण अवजारं दोघांत एकच लागतात आणि वाढतात ते फक्त कपडे. पण मागे बसलेल्या माणसाचं वजन कुठल्याही पेटीच्या तिपटी-चौपटीने जास्त आहे आणि त्याच्या पायांसाठी कड नसलेली मोकळी जागा हवीच. म्हणून दोघांनी एका गाडीवर जायचं असेल तर पेट्या तर नकोतच, वाटही बदला. अटल बोगद्यातून केलाँग-जिस्पाच्या रस्त्याने लेहला जा आणि ग्रांफू-बातलचा पट्टा त्या वर्षी सोडून द्या. तो पट्टाच करायचा असेल तर दुसरी गाडी मनालीत भाड्याने मिळते. आणि निघण्याआधी एका रविवारी पूर्ण सामान बांधून यवतहून भुलेश्वरकडे जा, मुरमाच्या मोकळ्या रस्त्याला गाडी घाला, थांबून ती जुन्या गादीवर हलकेच आडवी करा आणि एकट्याने उभी करून पाहा. उचलली गेली तर सामान बरोबर आहे. नाही उचलली तर तिथेच बॅगा उघडा.