गृहव्यवस्था : घरचा मोटारखाना

गेल्या खेपेस कोठीच्या खोलीविषयीं लिहिलें होतें. तें वाचून खामगांवच्या एका भगिनीनें विचारलें आहे कीं, “कोठींत न मावणारें सारें कांहीं आमच्याकडे मोटारीच्या खोलींत जाऊन पडतें; तिची व्यवस्था कशी लावावी ? आणि भाव येईपर्यंत शेतांतला कापूस तेथें भरून ठेवला तर चालेल काय ?” पहिला प्रश्न वाचून मला हसूं आलें आणि लगेच लाजही वाटली. दुसऱ्याकडे शेवटीं वळेन.

आमच्या बुलढाण्याच्या घरीं ही खोली सासऱ्यांच्या वेळीं गोठा होती. एका अंगास दोन गाई, दुसऱ्या अंगास दमणी. पुढें गाई गेल्या, दमणी मोडली, तिच्या जागीं मोटार आली आणि गव्हाणीचें फडताळ झालें. रंगाचे अर्धे डबे, तेलकट बाटल्या, मुलांचीं जुनीं दप्तरें, सर्व त्या गव्हाणींत. दोन वर्षांमागें दिवाळीच्या सुट्टींत माझ्या नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा लपंडाव खेळतां खेळतां तेथें शिरला, आणि सरबताची समजून एक बाटली त्यानें तोंडाला लावली. तींत रंग पातळ करण्याचें थिनर होतें. तें सरबताच्या बाटलींत ओतून ठेवणारी मीच. माझ्या जाऊबाई मिठाचें पाणी घेऊन धांवल्या, पण दैवानें शेजारचे डॉक्टर घरीं होते. त्यांनीं तो पेला हातांतून काढून घेतला. असला द्रव पोटांत गेल्यापेक्षां फुफ्फुसांत गेलेला अधिक घातक. उलटी करविली कीं तो श्वासनलिकेंत उतरण्याचें भय असतें. मुलाला रात्रभर रुग्णालयांत ठेवावें लागलें. सकाळीं तो हंसत घरीं आला. परंतु ती रात्र मीं कशी काढली तें माझें मलाच ठाऊक.

त्यानंतर प्रथम एकच नियम केला : ज्या डब्यांत वस्तु विकत आली त्याच डब्यांत ती राहील, खाण्यापिण्याच्या भांड्यांत कधींही नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांची शेती अजून गांवीं आहे, आणि फवारणीचीं औषधें बहुधा शहरांतल्या याच खोलींतून शेतावर जातात. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना झालेल्या विषबाधेनें वीसांहून अधिक जीव गेले. तीं औषधें उघड्या शेतांत, वाऱ्यावर, इतका घात करूं शकतात. मग बंद खोलींत कोनाड्यांत पडलेल्या बाटलीचें तें काय सांगावें? त्यांना कुलपाचें लोखंडी कपाट हवें, आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ. गव्हांत घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर घरांत थाराच नको. हवेंतल्या ओलाव्यानें त्यांतून फॉस्फिन वायु सुटतो आणि दाराच्या फटींतून निजण्याच्या खोलींत शिरतो. त्यांचा वापर सरकारी वा अधिकृत तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच व्हावा असा निर्बंध आहे. तरी ‘ओळखीच्या दुकानांतून’ चार गोळ्या आणणारीं सुशिक्षित माणसें मला भेटतात, त्यांना काय म्हणावें!

आतां हवेचा विचार. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत पसरते, उंबऱ्यापाशीं साचते, आणि उणे चाळीस अंश उष्णमानालाही पेट घेण्याजोगी असते. मग घाटाखालच्या मलकापूर-शेगांवकडील वैशाखांत तिची शक्ति किती असेल ! उलट, इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरींत वीज भरतांना निघणारा हायड्रोजन अतिशय हलका. तो छपराखालीं जमतो, आणि हवेंत शेंकडा चार इतका झाला कीं त्याला एक ठिणगी पुरते. म्हणजे एकाच खोलींत एक वैरी पायांशीं, दुसरा डोक्यावर. बहुतेक घरीं झरोका असतो तो एकच, तोही भिंतीच्या मध्यावर. त्याचा या दोघांपैकीं कोणालाच उपद्रव नाहीं. समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत एकेक आणि छपरालगत एकेक अशीं जाळीचीं भोकें पाडून घ्यावींत. गवंड्याचें काम एका दिवसाचें आहे. गॅसचा गीझर किंवा बंब या खोलीच्या उंबऱ्यालगत असेल तर तो मात्र हलविलाच पाहिजे. पेट्रोलचा सुटा डबा घरांत ठेवूंच नये हें माझें मत. टांकीइतकी सुरक्षित जागा त्याला दुसरी नाहीं.

घाटावर पौषांत सकाळीं चांगलाच गारठा असतो, आणि दार लावून मोटार ‘तापवीत’ ठेवण्याची खोड जुन्या चालकांना आहे. नव्या मोटारींना त्याची गरज उरलेली नाहीं. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशेंपेक्षां अधिक पटींनीं चिकटतो. माणसाला डोकें जड झाल्यासारखें वाटतें, तो क्षणभर बसतो, आणि उठत नाहीं. वीज गेल्यावर जनित्रही याच खोलींत लावणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. त्याची जागा अंगणांत, खिडक्यांपासून दूर.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीनें नवी काळजी आणली आहे. २०२२ सालीं वसईस अशा गाडीची बॅटरी रात्रीं घरांत भरणीला लावलेली असतां तिचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढें मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. तरी गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा, उन्हांतून आल्यावर बॅटरी निवूं द्यावी, आणि भरणी माणसें जागीं असतांना व्हावी. तिच्यासाठीं जमिनीची जोड तपासून घेतलेला स्वतंत्र सॉकेट हवा. जेथून बाहेर पडावयाचें त्या वाटेवर, जिन्याखालीं, ती कधींच लावूं नये. पावडरीचें अग्निशामक नळकांडें दाराशीं टांगावें, खोलीच्या मागल्या भिंतीवर नव्हे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये. लिथियमची बॅटरी पेटल्यास मात्र शौर्य नको, माणसें बाहेर काढून अग्निशामक दलास बोलवावें.

वऱ्हाडांत दारांना जवसाचें तेल देण्याची जुनी चाल आहे. त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यांत टाकले तर हवेशीं संयोग होऊन ते आपोआप तापतात आणि पेटतातही. पाण्यांत भिजवून, अंगणांत पसरून वाळवावेत, म्हणजे झालें.

सोयीचें म्हणाल तर रहस्य एवढेंच कीं जमीन मोकळी असावी. शिड्या, कुदळी, सायकली खुंट्यांवर. बाकीचें भिंतीवरच्या फळ्यांवर. पापड-कुरडयांचे डबे व लोणच्याच्या बरण्या येथें नकोत, पेट्रोलचा वास पिठाला आणि तेलाला धरतो. जमीन मोकळी असली कीं विंचवालाही आसरा राहत नाहीं. सांदींतल्या विटा, गोणपाटें आणि जुने जोडे हींच त्याचीं घरें. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हें औषध गुणकारी आहे हें महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं दाखवून दिलें. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतले. तेव्हां दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यांत घटका न घालवितां रुग्णालय गांठावें.

राहतां राहिला कापूस. १८७० सालीं खामगांवला आगगाडी गेली ती या कापसासाठींच. त्या गांवच्या भगिनीला त्याचा मोह सोडा असें मी कोणत्या तोंडानें सांगूं? भाव पडलेला असतां घरांत गंज लावण्यावांचून कित्येकांना गत्यंतर नसतें. पण कापूस आणि मोटार एका छपराखालीं नकोत. कापूस भरावयाचा तर मोटार, दुचाकी, इन्व्हर्टर, डबे, सगळीं बाहेर, त्या खोलीची वीज मुख्य बटनापासून तोडलेली, उदबत्ती-विडीला मज्जाव. ओला कापूस दडपून भरला तर आंतून कढतो आणि त्याचा रंग जातो, म्हणून तो आधीं वाळवून, भिंतींपासून हातभर सोडून भरावा. त्या खोलीचें घरांत उघडणारें दार बंद करून फटी बुजवाव्या. घरांत सांठविलेल्या कापसांतल्या किड्यांनीं मुलांच्या अंगाला खाज सुटते, ती मग आठवडेच्या आठवडे जात नाहीं. मोटार तोंवर आंगणांतल्या निंबाखालीं उभी राहूं द्यावी. तिच्यावर पांखरें बसतील, तेवढें पुसून घ्यावें लागेल.