सोबत्याचा मृत्युलेख

चळवळीतल्या सोबत्यावरचा मृत्युलेख हा मराठी नियतकालिकांतला जुना लेखनप्रकार. त्याचा साचा आता ठरून गेला आहे: चांगली नोकरी सोडली, साधेपणाने राहिला, कर्करोगाशी झुंजला, हसतमुखाने गेला. हा साचा खटकत राहतो. आजाराशी दिलेल्या झुंजीला चार परिच्छेद मिळतात आणि जिच्यात उभे आयुष्य गेले त्या झुंजीची एका ओळीत बोळवण होते.

कॉम्रेड कुमार शिराळकर यांचेच उदाहरण घ्या. ते २ ऑक्टोबर २०२२ रोजी कर्करोगाने गेले. इंजिनिअर झालेला तरुण खानदेशातल्या शहाद्याला जाऊन राहिला, हे त्यांच्याविषयी सगळेच सांगतात. तिथे काय चालले होते, हे फार थोडे सांगतात.

शहादा परिसरात भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जापोटी बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि कित्येक मूळ मालक परक्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारे गडी, झाले होते. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. त्या दिवशी उचल मिळे. मग वर्षभर नेलेले धान्य नावावर मांडले जाई, आजारपणाचे खाडे कापले जात. पुढच्या आखाजीला हिशेब झाला की अंगावर बाकी निघे आणि माणूस पुन्हा त्याच दारी सालाने राही. १९७१ साली याच भागातल्या पाटीलवाडीत आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी लोक जागे केले होतेच; १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि शिराळकर तिच्यात काम करू लागले. मजुरी, सालदारकी, गेलेली जमीन हे तिचे प्रश्न. बायकांनी दारूची मडकी फोडली, तीही याच लढ्यात. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७५चा. त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. शिराळकर पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि शेतमजुरांची संघटना बांधत राहिले.

समविचारी मित्र लिहायला बसला की मतभेदही गाळतो. याच चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासी खालीच राहतात आणि त्यांचे दुःख त्यांनाच वरून ऐकवले जाते. आदिवासींच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न बाहेरून आलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला लागू होता, शिराळकरांनाही. तो टाळून लिहिलेली आठवण अपुरी आहे. एकाच राजकारणातली माणसे एकमेकांशी तावातावाने भांडतात, कारण सगळ्यांनाच ते राजकारण जिवाचे असते.

दिवाळी अंकात हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. वर्तमानपत्रातला मृत्युलेख दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, दिवाळी अंक वर्षभर घरात राहतो. त्यातल्या मृत्युलेखात कोणत्या गावची मजुरी किती वाढली, कोणाची जमीन सुटली, कोण तुरुंगात गेले, बैठकीत कोणत्या मुद्द्यावर फाटले, हे नावानिशी यायला हवे. १९७२ साली विशीत असलेली माणसे आता सत्तरीपलीकडे आहेत. ही माहिती त्यांच्याकडूनच आणि आताच घ्यावी लागेल.