कायद्याच्या दाराशी

विधिमंडळात हात वर झाले की कायदा जन्मास येतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याचे बीज सभागृहाबाहेर फार आधी पडलेले असते. व्यापारी, कारखानदार, शेतकरी, कामगार असे नाना हितसंबंधी गट निवेदने देतात, शिष्टमंडळे धाडतात, मोर्चे काढतात. आणि मसुद्यातील शब्द पालटतात. अशा गटांस सरसकट स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे, असे आम्हांस वाटते.

माहितीच्या अधिकाराचेच उदाहरण घेऊ. राजस्थानात दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान मजुरी पुरती मिळत नसे. हजेरीपट पाहू म्हटले, तर तो गुप्त आहे असे उत्तर येई. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हा प्रश्न धसास लावला. १९९४ मध्ये तिने जनसुनवाया आरंभिल्या. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा सिद्ध केला. आपल्या गोव्याने १९९७ सालीच असा कायदा केला. राजस्थानने २००० साली. आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा अमलात आला. ज्यांच्यापाशी ना धन, ना अधिकार, त्यांची हाक अखेर संसदेपर्यंत पोहोचली.

मग या मजुरांत आणि धनिकांच्या गटांत भेद कोणता? संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दोघांसही दिला आहे. भेद आहे तो उघडपणाचा. भर बाजारात मांडलेल्या मागणीची पारख कोणीही करू शकतो. बंद दाराआड कुजबुजलेल्या मागणीची पारख कोणी करावी? अमेरिकेत १९९५ च्या कायद्यान्वये अशा व्यावसायिक मध्यस्थांना आपली नोंद करावी लागते. भारतात तसे बंधन नाही. ते असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे केंद्र सरकारने २०१४ साली ठरविले खरे. परंतु ते धोरण आहे, कायदा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, उद्याचे मतदार तुम्हीच आहात. पाच वर्षांतून एकदा मत देऊन नागरिकाचे कर्तव्य संपत नाही. मसुदा वाचावा, चार जणांनी मिळून विचार करावा आणि आपले म्हणणे स्वतःच्या नावानिशी लेखी कळवावे. आपण गप्प राहिलो, तर कायद्याच्या दाराशी उभे राहणारे दुसरे पुष्कळ आहेत.