तीन बायका, निकाल एकच

विवाहबाह्य भानगडींवर विनोदी सिनेमा काढू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. लग्नाइतका विनोदाला सुपीक विषय दुसरा कुठला? माझा राग आहे तो नवऱ्याची फजिती दाखवतो म्हणून तिकीट विकायचं आणि आत बसल्यावर बायकोवरच हसवायचं, या धंद्यावर.

'मस्ती' घ्या. २००४ चा, इंद्रकुमारचा. विवेक ओबेरॉय, आफताब शिवदासानी आणि रितेश देशमुख हे तीन मित्र, लग्न करून कावलेले. तक्रार काय? एकाची बायको (अमृता राव) सारखी मागे मागे, संशयी. दुसऱ्याची (तारा शर्मा) सदानकदा देवपूजेत, नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. तिसऱ्याची (जेनेलिया) खाष्ट, आणि जोडीला सासू. मग तिघे ठरवतात, बाहेर जरा मजा करू!

आता साधं गणित मांडू. जी संशय घेते तिचा नवरा बाहेर जातो. जी देवापुढे डोळे मिटून बसते तिचाही जातो. जी धाकात ठेवते तिचाही जातो. तीन तऱ्हेच्या तीन बायका आणि निकाल एकच! मग कारण बायकांच्या स्वभावात कसं असेल? पण सिनेमाला स्वतःचंच गणित सोडवता येत नाही. तो आपला एकेका बायकोचा एकेक दोष मोजून दाखवतो. आणि गंमत बघा, जिच्या संशयावर आपल्याला हसवलं, तिचा संशय शेवटी खराच निघाला की! पण त्याबद्दल तिची माफी मागावी असं कुणाला सुचत नाही.

पुढे ब्लॅकमेल आणि प्रेत, आणि सरतेशेवटी कळतं की खून वगैरे काही झालाच नाही, नवऱ्यांना धडा शिकवायला रचलेला तो बनाव होता. नवरे रडतात, बायका माफ करतात, संपलं. म्हणजे मजा मारायची हौस दाखवायची, पण पाप काही पुरतं घडू द्यायचं नाही. धड पापही नाही आणि धड प्रायश्चित्तही नाही.

याउलट १९७८ चा बी. आर. चोप्रांचा 'पति पत्नी और वो' आठवा. कथा कमलेश्वरांची. संजीवकुमारची बायको (विद्या सिन्हा) चांगली ठणठणीत, प्रेमळ. तिच्यात काही खोट नाही. तरी हा पठ्ठ्या सेक्रेटरीची (रंजिता) सहानुभूती मिळवायला सांगतो की बायकोला कॅन्सर झालाय! विनोद आहे तो या लबाडीत, त्याच्या त्या केविलवाण्या चेहऱ्यात. आपण हसतो ते त्याला. तो सिनेमा फार थोर होता अशातला भाग नाही, पण चोर कोण हे त्याला ठाऊक होतं.

२०१९ मध्ये त्याचा नवा अवतार आला, कार्तिक आर्यन आणि भूमी पेडणेकरचा. त्यात नवऱ्याची थाप बदलली. आता तो सांगतो की माझ्या बायकोचंच बाहेर प्रकरण आहे! ४१ वर्षांत एवढी प्रगती. जुन्या थापेत निदान बायकोची कीव तरी यायची, नव्या थापेत तिची अब्रूही गेली.

"अरे, विनोद आहे, डोकं बाजूला ठेवून बघ," असं मित्र म्हणतात. ठेवलं असतं. पण हाच विनोद गंभीर चेहरा करून घराघरात बोलला जातो. नवऱ्याचं काही कळलं आणि बाई माहेरी आली, की मावशी-आत्या पहिला प्रश्न तिलाच विचारतात, "तुझंच काही चुकत होतं का गं? फार कटकट करायचीस का?" संशयी असली तर संशयाने गेला, भोळी असली तर भोळेपणाने गेला. प्रत्येक उत्तरात ती दोषी. त्या बाईसमोर हा सिनेमा लावा आणि मग मला सांगा, डोकं नेमकं कुठे ठेवायचं ते.

'मस्ती'चे पुढचे भाग २०१३ आणि २०१६ मध्ये आले. बायकांच्या तक्रारींची यादी काही संपत नाही. असो.