माफीचा साक्षीदार आणि दुसऱ्याची पिशवी



सुट्टी संपवून कुवेतला परतणाऱ्याच्या हाती गावाकडचे कोणीतरी एखादी पुडी, एखादे औषध हमखास सोपवते. नाही म्हणणे आपल्या जिवावर येते. विकी गोस्वामीची हकिकत वाचताना मला ही पिशवीच आठवत राहिली.

अहमदाबादचा हा माणूस मँड्रॅक्सच्या तस्करीपायी १९९७ साली दुबईत पकडला गेला. शिक्षा २५ वर्षांची झाली. २०१२ मध्ये तो सुटला. पुढे केनियात जाऊन आकाशा बंधूंच्या टोळीबरोबर तो पुन्हा त्याच धंद्यात उतरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मोम्बासा येथे त्यांना अटक झाली. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले. त्या प्रकरणातही त्याचे नाव आरोपींत आले. जानेवारी २०१७ मध्ये केनियाने त्याला अमेरिकेच्या हवाली केले. तेथे गुन्हा कबूल करून तो सरकारी साक्षीदार झाला. जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याने आपला जुना भागीदार बक्ताश आकाशा याच्याविरुद्ध साक्ष दिली. पुढच्याच महिन्यात बक्ताशला २५ वर्षांची शिक्षा झाली.

भारतातही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ सरकारला असे अभय देण्याचा अधिकार देते. अट एवढीच की, त्या माणसाने संपूर्ण सत्य सांगावे. काही दडवले तर अभय जाते. टोळीच्या आतले टोळीतलाच सांगू शकतो, म्हणून ही तरतूद आवश्यक आहे. परंतु तिच्यात एक विषमता आहे. ज्याला अधिक ठाऊक, त्याच्याजवळ देण्यासारखे अधिक. पुडी वाहून आणणाऱ्या गरीब कामगाराला ती पाठवणाऱ्याचे खरे नावही ठाऊक नसते. तो कोणाविरुद्ध साक्ष देणार? आणि कुवेतमध्ये तर तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

साक्ष दिल्याने शिक्षा हलकी होऊ शकते. मन पालटले की नाही, हे न्यायालयाला मोजता येत नाही. अंगुलिमालाने शस्त्र टाकले ते सवलतीसाठी नव्हे. भिक्खू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला गेला असता लोकांच्या माराने त्याचे डोके फुटले, आणि तथागतांनी त्याला ते सोसण्यास सांगितले. धम्मात कर्माच्या फळाचा सौदा होत नाही.

उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत मादक पदार्थांचा व्यापार येतो. आपल्यापैकी कोणी तो करणार नाही, असा माझा विश्वास आहे. परंतु अजाणता त्याचा हमाल होणेही टाळले पाहिजे. दुसऱ्याची बंद पिशवी घेऊ नये, मग देणारा नात्यातला का असेना. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके येथे नियंत्रित आहेत. म्हणून स्वतःचे औषधसुद्धा चौकशी करून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह व मूळ वेष्टनातच आणावे. नवीन येणाऱ्या मुलांना हे आपणच सांगायला हवे. नकार दिल्याने नाते चार दिवस रुसेल. पिशवी घेतली तर एखादे घर कायमचे उघड्यावर पडेल.

भवतु सब्ब मंगलं.