राहू की सोडू?
बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नव्याने लागलेली मराठी मुलं ‘नोकरी नकोशी झालीय, राहू की सोडू?’ असं विचारतात, तेव्हा मला याच शहरात नोकरी केलेली दोन माणसं आठवतात. अरविंद घोष 1893 मध्ये विलायतेहून बडोदा संस्थानच्या सेवेत आले. पहिलं काम जमीन-महसुलाचं, आणि त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. तरी ते टिकले, खाती बदलत कॉलेजात फ्रेंच, इंग्रजी शिकवू लागले, मराठीही शिकले. 1906 मध्ये गेले ते कलकत्त्याला, कितीतरी कमी पगारावर, पण मनाजोग्या कामासाठी. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1917 मधल्या अनुभवाला ‘नावडती नोकरी’ म्हणणं अन्यायाचं ठरेल. संस्थानच्या शिष्यवृत्तीपोटी दहा वर्षं सेवा करण्याचा करार होता. पण शिपाई लांबूनच फायली टाकत, आणि राहत्या पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने त्यांना बाहेर काढलं. ते मुंबईला परतले. म्हणून मुलांनो, कंटाळा असेल तर आधी खातं बदलून मागा, वर्षभर थांबा. रोज अपमान होत असेल तर मात्र थांबू नका; फक्त नोकरीचा बाँड लिहून दिला असेल, तर निघण्याआधी त्यातली रक्कम हप्त्यांनी फेडता येईल का, ते विचारून घ्या.